एक्केचाळीस नंबरचा डबा

आमच्या कारखान्याचा कच्चा माल म्हणजे बायकांची लघवी. सव्वीस वर्षं मी त्यावर पोट भरलं, पण हे वाक्य घरी जेवणाच्या ताटावर कधी उच्चारलं नाही. कोणी विचारलं तर 'औषध कंपनीत शुद्धीकरणाचं काम' एवढंच सांगायची. सदर बाजारात राहणाऱ्या माझ्या मावसजावेची तर शेवटपर्यंत समजूत होती की मी पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीत आहे. आता निवृत्त झाले आहे, तेव्हा जे होतं ते लिहायला हरकत नाही. घरी आम्ही 'मले-तुले' बोलतो, लिहिताना तेवढं 'मला-तुला' करते.

रायपूर छत्तीसगडची नवी राजधानी झालं, त्या सुरुवातीच्या वर्षांतली ही हकिकत. शहरात रस्ते खणलेले, कचेऱ्यांच्या पाट्या बदललेल्या, आणि कोणती कचेरी कुठे गेली ते रिक्षावाल्यालाही ठाऊक नसायचं. आमची इमारत उरल्याच्या औद्योगिक भागात होती, रोलिंग मिलच्या रांगेत. रंगाने पांढरी, पण सकाळी पुसलेली खिडकीची काच दुपारपर्यंत बोटाने नाव लिहिता येईल इतकी काळी व्हायची. आत मात्र धुळीचा कण चालत नसे.

पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीत एक संप्रेरक भरपूर असतं, बीजांड पिकवणारं. त्यांच्या शरीराला त्याचा उपयोग उरलेला नसतो, म्हणून ते वाहून जातं. तेच शुद्ध करून, त्याचं इंजेक्शन करून, मूल होत नसलेल्या बायकांना देतात. शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या पाऱ्यापाऱ्यांतून, म्हणजे मोहल्ल्यांतून, आमची गाडी रोज डबे गोळा करून आणायची. आठवड्याचे साठेक डबे एका मोठ्या पिंपात एकत्र केले की त्याला आम्ही 'पूल' म्हणायचो.

शुद्धीकरण कसं, तेही थोडक्यात सांगते. काचेची उभी नळी घ्यायची. तिच्यात भिजवलेल्या बारीक साबुदाण्यासारखे मणी भरलेले असतात. वरून मिश्रण सोडलं की काही पदार्थ मण्यांना चिकटतात, काही निसटून खाली जातात. मग मिठाचं पाणी सोडायचं, आधी फिकं, मग हळूहळू खारं. ज्याची पकड सैल तो आधी सुटतो, ज्याची घट्ट तो उशिरा. जे सुटतं ते खाली एका दिव्यासमोरून जातं आणि कागदावर पेनाची रेघ उंचावते. त्या उंचवट्याला लॅबमध्ये 'पीक' म्हणत. माझ्या सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं, "कशाचं पीक घेता तुम्ही?" मी म्हटलं, कागदावरचं.

आता कोणते मणी, पाणी किती आंबट आणि मीठ किती, याची जुळणी कोणी बसल्याजागी सांगू शकत नाही. करून पाहावी लागते. माझं काम तेच. तळाला जाळी असलेली, तळहाताएवढी, शहाण्णव खळग्यांची ताटली असते. प्रत्येक खळग्यात चिमूटभर मणी आणि प्रत्येकात वेगळं आंबट-खारट. दिवसाला एक ताटली, शहाण्णव उत्तरं, आणि त्यातली बहुतेक 'नाही' अशी. असं महिनोन्‌महिने केलं की एखाद्या दिवशी एका खळग्यात हवं ते एकटं, स्वच्छ उभं राहिलेलं दिसतं. त्या आनंदाची तुलना मी दुसऱ्या कशाशी करू शकत नाही.

या धंद्यात भुतंही असतात. नळीतून नुसतं स्वच्छ पाणी सोडलं तरी कधी कधी कागदावर रेघ उंचावते. आदल्या दिवशीचं काहीतरी मण्यांत दडून राहिलेलं असतं, ते उगाच बाहेर येतं. त्याला जगभर भूतच म्हणतात. नळी सोड्याने धुतली की जातं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या पुलांमध्ये एक पीक येऊ लागलं. हव्या त्या पिकाला खेटून, जरा उशिरा. पहिल्या आठवड्यात बारीक, दुसऱ्यात दुप्पट, तिसऱ्यात त्याहून मोठं. मी नळी धुतली, मणी बदलले, नळीच बदलली. माझ्या हाताखाली वानखेडे म्हणून एक केमिस्ट होता, भंडाऱ्याकडचा, शांत माणूस. त्याने स्वच्छ पाणी सोडून पाहिलं. रेघ सपाट. "मॅडम, नळी त साफ आहे," तो म्हणाला. "मंग हे कुठून येऊन राहिलं?"

मी मात्र त्या पिकाकडे अडथळा म्हणूनच पाहिलं. ते हटवायची जुळणी शोधायची, एवढंच डोक्यात. ताटल्यांमागून ताटल्या लावल्या. ते फार चिवट होतं, आमच्या संप्रेरकाचा हात सोडायला तयार नव्हतं. तीन आठवड्यांनी, पाणी किंचित आंबट केलं आणि मण्यांचा एक वेगळा प्रकार घेतला, तेव्हा दोघं वेगळे झाले. दोन पिकं, मधे स्वच्छ दरी. आमच्या साहेबांनी तो कागद भिंतीवर लावला आणि मिठाई मागवली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

मिठाई खाता खाता वानखेडे त्या कागदाकडे पाहत उभा होता. तो म्हणाला, "पण हे हाये कोण, मॅडम?"

काय आहे, असं नाही म्हणाला. कोण आहे, म्हणाला. आणि माझ्या लक्षात आलं की तीन आठवड्यांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

तसं मला सुचायला हवं होतं. इतक्या घट्ट पकडीचं, त्या जागी येणारं संप्रेरक पुस्तकातून मला माहीत होतं. गर्भाभोवतीची वार ते तयार करते. औषधाच्या दुकानात मिळणारी गरोदरपणाची पट्टी तेच शोधते, सापडलं तर दोन रेघा दाखवते. पण आमचे डबे पाळी गेलेल्या बायकांचे होते. त्यांच्यात ते नावापुरतं असतं, कागदावर दिसेल इतकं नाही.

वानखेडेने पट्ट्या आणल्या. पुलातल्या थेंबात एक बुडवली. दोन रेघा, लगेच, गडद. साठ वयस्कर बायकांच्या त्या पिंपात कुठेतरी मूल असल्यासारखं ती पट्टी सांगत होती.

प्रत्येक डब्याचा छोटा नमुना आम्ही ठेवून द्यायचो. त्या आठवड्याच्या साठही नमुन्यांत एकेक पट्टी बुडवली. टेबलावर ओळीने मांडल्या. साठच्या साठ पट्ट्यांवर एकेकच रेघ. म्हणजे कुणातच नाही. पिंपात आहे आणि डब्यांत नाही. बाहेर भरदुपारचं ऊन होतं, मिलचा धडधडाट चालू होता. पुन्हा सगळ्या पट्ट्या लावल्या. पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वानखेडे म्हणाला, "पातळ करून पाहू का? पुलात गेल्यावर डबा पातळच होते ना."

आम्ही प्रत्येक नमुन्यात पाणी घातलं, पुलात जेवढं पातळ व्हावं तेवढं. एकोणसाठ पट्ट्या तशाच राहिल्या. एक्केचाळिसाव्यावर दुसरी रेघ उगवली. आणखी पाणी घातलं, तर रेघ आणखी गडद झाली. उलटं होत होतं. जितकं कमी, तितकं जास्त दिसत होतं.

कारण नंतर समजलं, साधं आहे. पट्टीवर पकडणारे हात मोजके असतात. संप्रेरक बेसुमार असलं की सगळे हात आधीच अडकतात, दुसरी रेघ उमटायला कोणी उरत नाही. एकच रेघ राहते, म्हणजे पट्टी कोरी. कोऱ्या पट्टीचा अर्थ एरवी 'काहीच नाही'. इथे अर्थ होता, मोजता येणार नाही इतकं आहे. कोणत्याही सरळ गरोदरपणात इतकं नसतं.

डबे गोळा करायचं काम गायत्री साहू पाहायची. चाळिशीची, सगळ्या पाऱ्यांत ओळख असलेली बाई. तिला मी एक्केचाळीस कोण ते विचारलं. तिने दार लावून घेतलं आणि सांगायला लागली.

बिसाहिन नावाची बाई होती, तलावाच्या काठच्या पाऱ्यात राहणारी. पन्नाशीला आलेली. पाळी दोन-चार महिन्यांनी कधीतरी यायची, पण डब्यामागे पैसे मिळायचे, त्या यादीत नाव लागावं म्हणून तिने 'गेली' असं सांगितलं होतं. नवरा सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या कारखान्यात होता. तो साडेतीन महिन्यांपूर्वी ताप येऊन गेला. त्यानंतर हिचं पोट वाढायला लागलं, आणि असं की तीन महिन्यांत पाच महिन्यांएवढं झालं. पाऱ्यातली आरोग्य कर्मचारी बाई पट्टी घेऊन आली. पट्टी कोरी. दोनदा कोरी. तेव्हापासून पाऱ्याने ठरवलं की पोटात मूल नाही, दुसरंच काही आहे. कोणी म्हणालं मेलेला नवरा परततो. कोणी टोनही म्हणालं. टोनही म्हणजे चेटकीण, आणि छत्तीसगडात हा शब्द एकदा बाईला चिकटला की पुढे काय होऊ शकतं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ती हँडपंपावर जाऊन आली की बायका पंप धुऊन मगच पाणी भरत. "और मैडम, वो सोती नहीं है," गायत्री म्हणाली. "आँख खुली रहती है।"

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, एक्केचाळीसचा डबा त्याच दिवशी बंद केला, आणि लॅबच्या लोकांनी डबे देणाऱ्या बायकांच्या घरी जायचं नसतं या नियमाची आठवण करून दिली. नियम चुकीचा नव्हता. मी तो एक दिवस पाळला. ते तीन आठवडे आणि तो एक दिवस मला अजून बोचतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी डब्यांच्या गाडीत गायत्रीशेजारी बसून निघाले. वैशाख होता. पाऱ्यात शिरलो तेव्हा दारं उघडी होती. आम्ही कुणाकडे निघालो ते कळत गेलं तशी ती एकेक करून लागत गेली. बिसाहिनच्या उंबऱ्याबाहेर राखेची रेघ ओढलेली होती. गायत्रीने ती ओलांडताना पदर सावरला. मी पाहिलं नाही असं केलं.

बिसाहिन भिंतीला टेकून बसली होती. हातपाय काडीसारखे आणि मधे ते पोट, दुसऱ्या कुणाचं आणून ठेवल्यासारखं. डोळे मोठे, बाहेर आल्यासारखे. बराच वेळ पापणी हलत नसे. तिने उठून मला पाणी दिलं. लोट्यातलं पाणी थरथरत होतं. उन्हाच्या त्या झळांत तिचा हात माझ्या हाताला लागला तर ओला आणि कढत. मी शिकलेली बाई, रोज शहाण्णव खळगे मोजणारी, पण त्या क्षणी मलाही उठून जावंसं वाटलं.

ती हळू आवाजात म्हणाली, "हालय-डोलय नइ, दीदी." हे हलत नाही, डुलत नाही. मग पोटावर हात ठेवून विचारलं, "मोर पेट मा का हे?" माझ्या पोटात काय आहे?

मी म्हटलं, माहीत नाही, पण हॉस्पिटलात गेलं तर कळेल, आणि आजच गेलं पाहिजे. तेवढ्यात तिचा दीर आला. वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. बैगा, म्हणजे गावचा मांत्रिक, अमावास्येला येऊन पाहणार आहे, तोवर बाईने घराबाहेर पडायचं नाही, असं त्याने हात जोडून सांगितलं. पट्टीत काही निघालंच नाही, मग हॉस्पिटल कशाला, असंही विचारलं.

मला वाटलं, दाखवलं की पटेल. बिसाहिनकडून ताजा नमुना घेतला, त्यात पट्टी बुडवली. एक रेघ. दारात माणसं जमली होती, त्यांना दिसेल अशी धरली. मग बादलीत पाणी घेतलं, त्यात त्याच नमुन्याचं एक टोपण ओतलं, ढवळलं, नवी पट्टी बुडवली. दुसरी रेघ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर आली. मी समजावून सांगू लागले की पाणी घातल्यावर खरं दिसतं.

कोणी ऐकत नव्हतं. सगळे दोन पावलं मागे सरकले होते. बादलीभर पाण्यातून, जिथे काही नव्हतं तिथे, मी काहीतरी उगवून दाखवलं होतं. एक म्हातारी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "येहू उही आय." ही पण तीच आहे. दीर भिंतीला जाऊन चिकटला. गायत्रीने माझा दंड धरला आणि कानात म्हणाली, "मैडम, चलिए यहाँ से।" मला पहिल्यांदाच कळलं की ती राखेची रेघ आतून कशी दिसते.

तेव्हा बिसाहिन उठली. भिंतीचा आधार घेत उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "चल, मँय जाहूँ." मी जाणार. ती पुढे झाली तशी दारातली माणसं बाजूला झाली. त्यांच्या भीतीनेच आम्हाला वाट करून दिली. डब्यांच्या गाडीत, रिकाम्या डब्यांच्या मधे ती बसली. पूर्ण रस्ताभर डबे एकमेकांवर आपटत होते आणि ती न पापणी हलवता समोर पाहत होती.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचं यंत्र लावलं. पडद्यावर मूल नव्हतं. बारीक बर्फ पडावं तसं नुसतं पांढरं भुरभुरत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डॉक्टरबाई म्हणाल्या की याला द्राक्षगर्भ म्हणतात. मूल धरतच नाही, एकटी वारच वेड्यासारखी वाढत जाते, द्राक्षांच्या घडासारखी, पाण्याने भरलेली. तिच्यातून संप्रेरकाचा लोंढा सुटतो, त्यानेच हात कापतात, झोप उडते, डोळे तसे होतात. या वयात तो कॅन्सरकडे वळायची भीती जास्त. अजून पंधरा दिवस गेले असते तर रक्तस्रावानेच संपली असती, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी गर्भपिशवी काढली.

कारखान्यात त्या महिन्याचे सगळे पूल फेकून दिले. साहेबांनी मला नियमाबद्दल लेखी समज दिली आणि त्याच आठवड्यात नवा नियमही केला, की प्रत्येक डबा दोनदा तपासायचा, एकदा तसाच आणि एकदा पातळ करून. दोन्ही कागदांवर त्यांची सही आहे. तो दुसरा नियम माझ्या नोकरीची कमाई म्हणून मी सांगते, भिंतीवरचा तो स्वच्छ दरीचा कागद नाही.

ऑपरेशननंतर हे संप्रेरक शरीरातून पूर्ण गेलं की नाही ते महिनोन्‌महिने पाहावं लागतं. हॉस्पिटल रक्त तपासायचं. माझ्या समाधानासाठी गायत्री दर आठवड्याला तिचा नमुना मलाही आणून द्यायची, मी तो नळीतून काढायची. पीक दर आठवड्याला बुटकं होत गेलं, मग नुसता फुगवटा, मग रेघेचा थोडा संकोच. पावसाळा सरता सरता एका सोमवारी रेघ सपाट गेली. वानखेडे आणि मी ती शेवटपर्यंत उभ्याने पाहिली.

पाऱ्यात 'गोळा निघाला' असं सांगितलं गेलं. गोळा लोकांना समजतो. बायका हळूहळू पंपावर बोलू लागल्या. ती म्हातारी मात्र बोलली नाही, आणि मी कधी त्या बाजूला गेले तर दार लावून घ्यायची.

दसऱ्याच्या जरा आधी गायत्री बिसाहिनला घेऊन कारखान्याच्या फाटकाशी आली. अंगावर मांस आलं होतं, डोळे साधे झाले होते. हात जोडून झाल्यावर ती म्हणाली की हॉस्पिटलवाल्यांनी तिला काही दाखवलं नाही. "तँय देखे हस न?" तू पाहिलंस ना. मी म्हटलं, मी फक्त कागदावर पाहिलं, आणि आता कागदावरही नाही. त्यावर तिने विचारलं, "त कहाँ गिस?" मग कुठे गेलं?

सगळे डॉक्टर देतील तेच उत्तर मी देऊ शकले असते. पण मला माहीत होतं ते कुठे आहे. ताटल्या लावताना जो भाग मी इतक्या कष्टाने वेगळा काढला होता, तो मी फेकला नव्हता. स्वच्छ निघालेली गोष्ट फेकवत नाही, ही आमची सवय. उणे ऐंशीच्या फ्रीजमध्ये, एका छोट्या कुपीत ठेवून दिला होता. पुढे पातळ करून तपासायचा नियम आला, तेव्हा तुलनेसाठी आम्ही त्यातलाच थेंब वापरायचो.

तिला टोपी, अंगरखा घालून मी आत नेलं. फ्रीजचं दार उघडलं तसा धुरासारखा गारवा खाली उतरला. पेटी काढली, कुपी काढली, आणि तिला हातमोजा चढवून तळहातावर ठेवली. "अड़बड़ जुड़ हे," ती म्हणाली. फार गार आहे. आणि तिने मूठ मिटली.

गोठवलेला नमुना विरघळू द्यायचा नसतो. विरघळला की त्याचा भरवसा राहत नाही. हे मी पन्नासेक पोरापोरींना शिकवलं असेल. वानखेडे माझ्याकडे पाहत होता. मी कुपी परत मागितली नाही. जरा वेळाने तिने मूठ उघडली, कुपी कलती केली, आतला थेंब या बाजूचा त्या बाजूला गेला. "पानी कस हे," ती म्हणाली. पाण्यासारखंच आहे. मी 'हव' म्हणून होकार दिला.

मग तिची नजर पेटीकडे गेली. पेटीत नऊ नऊच्या ओळींत बारीक कुप्या उभ्या होत्या, ताटल्या लावताना वेगवेगळ्या डब्यांतून जमवलेल्या. तिने विचारलं, "एमा अऊ काकर-काकर हे?" यात अजून कुणाकुणाचं आहे?

मी वाकून पाहिलं. प्रत्येक टोपणावर माझ्याच अक्षरात नंबर होता. मला त्यातलं एकही नाव माहीत नव्हतं. मी तसं तिला सांगितलं.

बिसाहिनने मान हलवली. स्वतःची कुपी तिच्या रिकाम्या खळग्यात स्वतःच ठेवली, आणि मी झाकण लावायच्या आधी सगळ्या टोपणांवरून एकदा हात फिरवला, हलकेच, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर.

ती कुपी काढून टाकायला हवी होती. वानखेडेने नाही काढली, मीही नाही.